व्हेसुव्हियसला शून्य गुण

माझ्या सासूबाईंना काय आवडतं हे त्यांच्या लग्नाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत घरात कुणालाच माहीत नव्हतं. भाजी कुठली करू? 'कुठलीही चालेल.' साडी कुठल्या रंगाची आणू? 'कुठलाही रंग चालेल.' खिडकी उघडी ठेवू की लावू? 'तुम्हाला हवं तसं.' सुनेला हे ऐकायला फार गोड वाटतं, पहिले सहा महिने. मग डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. कारण त्यांच्या मनात काय आहे ते ओळखायचं काम आपल्या गळ्यात पडतं, आणि ओळखताना चुकलं तरी त्या तक्रार करत नाहीत. तक्रार केली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

सरला शेटे हे त्यांचं नाव. विट्याच्या मुलींच्या शाळेत त्यांनी तेहतीस वर्षं भूगोल शिकवला. आठवीच्या वर्गात ज्वालामुखीचा धडा आला की फळ्यावर रंगीत खडूंनी त्याचा उभा छेद काढायच्या. खाली तांबडा लाव्हा, मधून वर जाणारी नळी, बाजूला राखेचे आणि लाव्ह्याचे एकावर एक थर, आणि वर धूर. ते चित्र आठवडाभर कुणी पुसायचं नाही, इतर शिक्षक फळ्याच्या उरलेल्या कोपऱ्यात आपलं गणित उरकायचे. हे मला माझ्या नवऱ्याने, प्रसन्नने, लग्न ठरलं तेव्हाच सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. माहीत असून डोक्यात प्रकाश पडला नाही, ही माझी अक्कल.

दोन हजार सात साली आई, म्हणजे सासूबाई, आणि सासरे अप्पा तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे जर्मनीत, म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमला आले. प्रसन्न तिथल्या एका कंपनीत गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्या घ्यायचा, मी म्युनिकला सॉफ्टवेअरमध्ये होते, आणि आमची लेक ऊर्जा दुसरीत होती. तिला मे-जूनमध्ये दोन आठवड्यांची सुट्टी होती. प्रसन्नने भूमध्य समुद्रातल्या क्रूझची सात दिवसांची तिकिटं काढली. जेनोआहून निघायचं, नेपल्स, पालेर्मो, बार्सिलोना, मार्सेय करून परत जेनोआ. जहाज जर्मन, त्यामुळे सगळं आधी ठरवायचं. कुठल्या बंदरात उतरून कुठली सहल करायची याचं जाडजूड पुस्तक महिनाभर आधी घरी आलं.

बाकीच्या बंदरांचं पटकन ठरलं. अडलं ते नेपल्सपाशी. तिथे चार सहली होत्या. पॉम्पेईचे अवशेष, काप्री बेट, बसमधून शहर, आणि चौथी व्हेसुव्हियस. मी आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "कुठलीही चालेल." अप्पा म्हणाले, "तुम्ही न्याल तिकडे." मी प्रसन्नला म्हटलं, "तूच ठरव बाबा." प्रसन्न म्हणाला, "असं इमोशनली नाही ठरवायचं. नुट्झवेर्टअनालीझे करू या."

"ते काय असतं रे?" अप्पांनी विचारलं.

"ऑफिसात करतो आम्ही, अप्पा. दोन-तीन डिझाइन असली आणि कुठलं घ्यायचं कळत नसलं की प्रत्येकाने गुण द्यायचे. बेरीज करायची. जास्त गुण ते जिंकलं. गेनाऊ, अगदी अचूक! वाद नाही, रुसवे नाहीत."

मी मनात म्हटलं, तुमच्या ऑफिसात जर्मन बसलेले असतात. त्यांना एखादी गोष्ट आवडली नाही तर ते तोंडावर सांगतात. पण बोलले नाही. मलाही वाटलं, बघू तरी.

प्रसन्नने तक्ते छापून आणले. शुक्रवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही पाच जण परीक्षेला बसल्यासारखे बसलो. शून्य ते दहा गुण द्यायचे होते. अप्पा मान लांब करून आईंच्या कागदात डोकावत होते. आई पेन्सिलीने सावकाश, शाळेतल्या वळणदार अक्षरात आकडे लिहीत होत्या. बेरीज झाली. काप्रीला पन्नासपैकी शेहेचाळीस. व्हेसुव्हियस शेवटचा, अकरा. प्रसन्न हर्षभरित झाला. "बघितलंस? एवढा क्लिअर रिझल्ट ऑफिसातसुद्धा येत नाही," म्हणाला आणि त्याच दिवशी काप्रीच्या पाच जागा नक्की करून टाकल्या.

जेनोआहून जहाज शनिवारी संध्याकाळी सुटलं. रविवारचा अख्खा दिवस समुद्रात, सोमवारी सकाळी नेपल्स. रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास मी आईंना शोधत होते. त्या ना डेकवर होत्या ना केबिनमध्ये. सापडल्या त्या पाचव्या मजल्यावर, सहलींच्या काउंटरपाशी. तिथे भिंतीवर चारही सहलींचे मोठे फोटो लावले होते. आई व्हेसुव्हियससमोर उभ्या होत्या. उजवा हात पुढे धरून तळव्याने डोंगराचा उतार मापत होत्या आणि स्वतःशीच काही बोलत होत्या. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं, "संमिश्र शंकू. एक थर राखेचा, एक लाव्ह्याचा." समोर जणू साठ मुली बसल्या होत्या.

मला बघताच हात खाली. "अगं, नुसती बघत होते."

तेवढ्यात मला तो कागद आठवला. त्या वळणदार अक्षरातलं गोल गरगरीत शून्य.

"आई, एक विचारू? याला शून्य का दिलंत तुम्ही?"

"असंच. काहीतरी द्यायचं म्हणून दिलं."

"पॉम्पेईला सात दिलेत. नुसतं बसमधून शहर बघायचं, त्याला सहा दिलेत. तुम्ही आयुष्यात कशालाच शून्य दिलं नाहीत, माझ्या पहिल्या पुरणपोळीलासुद्धा नाही. मग यालाच कसं?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "पाच दिले असते आणि चुकून पहिला आला असता तर? चढ आहे तिथे. ह्यांचे गुडघे हे असे. माझ्यापायी चढले असते आणि दुखलं तरी बोलले नसते. पोरीला त्या राखेत काय मजा? प्रसन्नच्या लक्षात आलं असतं तर त्याने सगळ्यांनाच तिकडं ओढलं असतं. म्हणून शून्य. शून्य दिलं की प्रश्न मिटला."

"पण तुम्हाला जायचं होतं?"

त्यांनी फोटोकडे पाहिलं. "होतं गं," म्हणाल्या.

मला आधी रागच आला. आईंचा आला, आणि मग जास्त आमचा आला. विट्याहून ही बाई सात हजार किलोमीटर आली, ज्या डोंगराचं चित्र तेहतीस वर्षं काढलं तो उद्या सकाळी खिडकीतून दिसणार, आणि आम्ही तिला काप्रीला आइस्क्रीम खायला नेणार! कशासाठी? बेरीज झाली म्हणून.

मी तशीच वर पोहण्याच्या तलावापाशी गेले. प्रसन्न खुर्चीत पेंगत होता, ऊर्जा पाण्यात होती, अप्पा छत्रीखाली तीन दिवसांपूर्वीचा पेपर वाचत होते.

"प्रसन्न, तू काप्रीला दहा का दिलेस?"

"तुला जायचं होतं ना? मागे म्हणाली होतीस."

"कधी?"

"दोन हजार एक साली. दातांच्या डॉक्टरकडे बसलो होतो, मासिकात फोटो होता."

दोन हजार एक साली मी दाढदुखीत काय बोलले ते मला आठवतही नव्हतं. मी काप्रीला नऊ दिले होते ते अप्पांना चढउतार नको म्हणून. अप्पांना विचारलं तर ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "हिने दहा लिहिले, मीही लिहिले." आणि आईंनी दहा दिले होते ते नातीला होडीत बसायला मिळेल म्हणून. ती नात पाण्यातून ओरडली, "इख विल गार निख्त नाख काप्री! इख विल हीअर श्विमेन!" म्हणजे तिला कुठंच जायचं नव्हतं, तिला जहाजावरच्या तलावात पोहायचं होतं.

पाच माणसं, शेहेचाळीस गुण, आणि काप्रीला जायचं कुणालाच नाही. प्रसन्न उठून बसला. मी आईंच्या शून्याचं सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे इनपुट डेटाच चुकीचा होता," म्हणाला. आणि मग, अगदी हळू, "मला कळायला हवं होतं गं. लहानपणी माझी शाळा सुटली की तिच्या वर्गात जाऊन त्या फळ्यावरच्या चित्राला मी रोज हात लावायचो आणि तिचा मार खायचो."

आम्ही दोघं पळत पाचव्या मजल्यावर. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. व्हेसुव्हियसची सोमवारची दुपारची बस, एकच जागा शिल्लक. सकाळची कधीच भरली होती. यादी संध्याकाळी सहाला बंद होणार होती आणि साडेपाच वाजून गेले होते.

"टॅक्सी करू सगळ्यांना," प्रसन्न म्हणाला, आणि लगेच स्वतःच नाही म्हणाला. "नको. नेपल्सचं ट्रॅफिक. आपल्या टॅक्सीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. त्यांच्या स्वतःच्या बसला झाला तर थांबतं."

"मग आईंना एकटीला पाठवू."

"एकटी? आई? सगळी बस जर्मन! तिला धड इंग्लिश बोलता येत नाही, बीपीची गोळी आहे, आणि ती आयुष्यात एकटी कुठे गेली नाहीये, कौमुदी!"

एवढ्यात आमच्यामागे अर्धी चड्डी घातलेले एक गृहस्थ येऊन उभे राहिले. त्यांनाही व्हेसुव्हियसच हवा होता. मुलीने आमच्याकडे पाहिलं. आई अजून त्या फोटोपाशीच होत्या. मी त्यांना बोलावलं आणि एका दमात सगळं सांगितलं. एकच जागा आहे, बस जर्मन आहे, आमच्यापैकी कुणी बरोबर नसेल, आणि तुम्ही नाही म्हणालात तर हे मागचे गृहस्थ जातील.

"राहू दे मग. पुढच्या खेपेला जाऊ," आई म्हणाल्या.

"पुढची खेप कुठली, आई? व्हिसा नव्वद दिवसांचा आहे, अप्पांना विमानात बसवायला तुम्हाला आठ वर्षं लागली!" मी जरा मोठ्यानेच बोलले. प्रसन्नने माझा दंड दाबला. मी पुढे काही बोलायचंच नाही असं ठरवलं, कारण मी ठरवून दिलं असतं तर ते पुन्हा माझंच झालं असतं.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आल्झो, या ओडर नाइन?" हो की नाही?

आईंनी प्रसन्नकडे पाहिलं. तो खाली बघत होता. माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे बघत होते, आणि त्या भिंतीकडे बघण्याइतकं अवघड काम मी अजून केलेलं नाही. मग आईंनी कमरेची पिशवी उघडली, त्यातून केबिनचं कार्ड काढलं, आणि काउंटरवर ठेवलं.

"मी जाते," त्या मराठीतच म्हणाल्या. मुलीला बरोबर कळलं.

त्या रात्री प्रसन्नने त्यांच्यासाठी एक कागद तयार केला. एका बाजूला जर्मन, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. नाव, केबिनचा नंबर, शाकाहारी आहे, बीपीची गोळी, मुलाचा फोन नंबर. शिवाय आपला दुसरा मोबाइल दिला आणि हिरवं बटण, लाल बटण असं दहा वेळा शिकवलं. आई मान डोलावत होत्या. अप्पा झोपताना एवढंच म्हणाले, "पायात बूट घाल. चपला नको."

सोमवारी सकाळी आम्ही चौघं काप्रीला निघालो तेव्हा आई केबिनच्या दारात उभ्या राहून आम्हाला हात करत होत्या. सुती साडी, त्यावर प्रसन्नचं जुनं जॅकेट आणि पायात म्युनिकला घेतलेले पांढरे बूट. त्यांची बस साडेबाराला होती.

काप्री कसं आहे म्हणून मला विचारू नका. सुंदर असणार. आम्ही ते पाहिलंच नाही. प्रसन्न दर अर्ध्या तासाने घड्याळ बघायचा आणि सांगायचा, "आता बस निघाली असेल." "आता पायथ्याशी असेल." "आता चढत असेल." ऊर्जाने लिंबाचं सरबत सांडलं तरी कुणी ओरडलं नाही, तेव्हा तीसुद्धा घाबरली. दुपारी जेवणानंतर अप्पा एकदम चाचपडायला लागले. त्यांच्या गोळ्या नेहमी आईंकडे असायच्या. आम्ही त्यांचे सगळे खिसे उलटे केले. गोळ्या शर्टाच्या वरच्या खिशात निघाल्या, कागदात बांधलेल्या, वर लिहिलेलं, 'जेवणानंतर. पाण्याबरोबर. चहाबरोबर नको.' अप्पांनी तो कागद घडी घालून परत खिशात ठेवला.

चार वाजता आम्ही जहाजावर परत आलो. बस पाचला येणार होती. पाच वाजले, सव्वापाच वाजले. सहाला जहाज सुटणार. बंदरावर बाकीच्या सहलींच्या बस येऊन रिकाम्या होत होत्या, आईंची नाही. प्रसन्नने फोन लावला. वाजला. कुणी उचलला नाही. तो फोन कानाला लावूनच आईंच्या केबिनमध्ये गेला, मीही मागे. आत शिरलो तर भिंतीतल्या छोट्या तिजोरीतून फोनची घंटी वाजत होती. महागाची वस्तू, डोंगरावर हरवेल बिरवेल, म्हणून आईंनी ती नीट तिजोरीत ठेवून कुलूप लावलं होतं.

प्रसन्न पलंगावर बसला आणि हसायला लागला. हसताहसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "काही झालं असेल तर तिला सांगता पण येणार नाही गं," म्हणाला. काउंटरपाशी तोंड वर करून आरडाओरडा करणारी मीच होते. आईंना काही झालं असतं तर या घरात मी पुन्हा मान वर केली नसती.

डेकवर अप्पा कठड्याला धरून उभे होते. "बेचाळीस वर्षांत ही एकटी कुठे गेली नाही. शाळा सोडून," ते म्हणाले.

शाळा सोडून! तेवढ्या दोन शब्दांनी मला जरा धीर आला. घरातून बाहेर पडल्यावर ही बाई रोज साठ मुलींसमोर एकटी उभी राहत होती, आणि तिथे तिला कुणी 'काय चालेल' म्हणून विचारत नव्हतं. आम्ही फक्त घरातल्या आई पाहिल्या होत्या.

पाच पस्तीसला बस आली.

माणसं उतरत होती, संपत आली, आणि आईंचा पत्ता नाही. सगळ्यात शेवटी त्या उतरल्या. बूट करडे, साडीचा काठ करडा, केसांवर राख, आणि साडी खोचलेली. शेजारी एक उंच जर्मन बाई, आणि त्या दोघी हातवारे करत काहीतरी बोलत होत्या. आम्ही धावत खाली गेलो. प्रसन्नने आईंना मिठी मारली. विट्याच्या घरात कुणी कुणाला मिठी मारत नाही, त्यामुळे आई नुसत्या हात खाली सोडून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, राख लागेल." मी चक्क जमिनीवर बसले.

त्या उंच बाई हॅनोव्हरच्या होत्या. त्यांनी मला जर्मनमध्ये सांगितलं की परतताना रस्त्यात गर्दी होती म्हणून उशीर झाला. आणि मग माझा हात धरून म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंनी आम्हाला शिकवलं. वाट चढताना दम लागून सगळे थांबलो होतो. यांनी भाड्याने मिळालेल्या काठीने राखेत डोंगर काढला, आतून कसा असतो तो. गाइड इटालियन होता, त्याचं जर्मन मला कळत नव्हतं. यांचं चित्र कळलं."

"तुम्ही त्यांच्याशी कुठल्या भाषेत बोललात?" मी आईंना विचारलं.

"मराठीत. चित्र होतं ना समोर," आई म्हणाल्या.

जहाज सहाला सुटलं. उन्हं अजून होती. आम्ही सगळे मागच्या डेकवर बसलो होतो आणि तो डोंगर समोर हळूहळू लांब जात होता. आईंनी तोंड धुतलं होतं, पण कानामागे राख तशीच होती. अप्पांनी विचारलं, "काय काय पाहिलंस?" आणि आई सांगायला लागल्या. माझ्या लग्नाला दहा वर्षं झाली होती, एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. वर धूर फार नाही, कडेच्या भेगांमधून थोडी वाफ येते. विवर खूप खोल आहे. थर दिसतात, खरंच दिसतात, तांबूस, करडे, परत तांबूस. दगड हाताला कोमट लागतो. त्या कठड्याला धरून उभ्या होत्या आणि गाइड काय सांगतोय ते न ऐकता नुसत्या बघत होत्या.

प्रसन्नला अजून चुटपुट लागलेली होती. तो म्हणाला, "आई, सॉरी. आम्ही आधी नीट विचारलं असतं तर सगळे बरोबर आलो असतो. तुला एकटीला जावं लागलं."

आईंनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"बरं झालं नाही आलात ते," त्या म्हणाल्या. "तुम्ही असतात तर मी ह्यांचे गुडघे बघितले असते. ऊर्जा काठाशी जाते का ते बघितलं असतं. कौमुदी कंटाळली का, तू दमलास का, तेच बघत बसले असते. डोंगर बघायचा राहून गेला असता."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट इतकं मोकळं वाटलं की मी हसले, आणि माझं बघून आईही हसल्या.

"किती वेळ होतीस वर?" प्रसन्नने विचारलं.

"चाळीस मिनिटं," आई म्हणाल्या. "सगळी माझी."